एमजीबी, लोटस एलान की पोर्श ९११: गंजाचा विचार करून केलेली तुलना

ब्रिटनमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल, तर बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते. पण आतून पोखरलेला पत्रा बदलण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीलाही मागे टाकतो.

या तिघींत सर्वांत सहज मिळणारी आणि सर्वांत फसवी एमजीबी. १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, नाही. बॉडीच सगळा भार पेलते आणि उघड्या रोडस्टरला छताचाही आधार नसल्यामुळे दरवाजांखालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या लांबट पोकळ पट्टीवर, फार काही अवलंबून असते. ही सिल म्हणजे एकच पत्रा नव्हे: बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंमधला पडदा मिळून ती बनते, शिवाय तिची दोन्ही टोके मडगार्डांच्या मागे दडलेली असतात. मडगार्डाचा खालचा भाग कापल्याशिवाय ती नीट बदलता येत नाही, म्हणून घाईची दुरुस्ती करणारे सडलेल्या सिलवर नवा पत्रा चढवून रंग मारतात आणि आतला गंज वाढतच राहतो. दरवाजा व मागचे मडगार्ड यांमधली फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर गाडी मध्ये खचली आहे असा संशय घ्यावा. सिलवर लहान चुंबक फिरवावे; ते पकडत नसेल तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असतो. एमजीबीच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र आहे: जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने १९८८पासून तिची संपूर्ण नवी बॉडी बनवायला घेतली. अशा बॉडीवर बांधलेली गाडी मिळाली, तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, म्हणून ती गंजतच नाही, हा समज अर्धाच खरा आहे. तिच्या मधोमध पोलादी चासी असते आणि चासीचा पुढचा आडवा भाग हेडलाइट वरखाली करणाऱ्या व्हॅक्यूमची (निर्वात पोकळीची) टाकी म्हणूनही वापरलेला आहे. दिवे नीट वरखाली होत नसतील, तर हा भाग सडून व्हॅक्यूम गळतो आहे का हे आधी पाहावे. पण बॉडी उचलून चासी बदलता येते, आणि जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी बसवल्याची पावती विक्रेत्याने दाखवली, तर मोठी चिंता मिटते. फायबरग्लासवरचे बारीक तडे मात्र दुरुस्तीला वेळखाऊ असतात.

पोर्श ९११च्या १९७६च्या मॉडेलपासून बॉडीला जस्ताचा मुलामा आहे. तरीही अपघातानंतर जिथे कापून वेल्डिंग झाले, तिथे हे संरक्षण उरत नाही. त्याआधीच्या गाड्यांमध्ये पुढच्या सस्पेन्शनजवळचा तळ बारकाईने पाहावा. तिथला गंज फार महागात पडतो.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या बहुतेक गाड्यांना २०१८पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का हे पाहणारी वार्षिक चाचणी, सक्तीची नाही, त्यामुळे कोणीतरी गाडी खालून पाहिलीच असेल, असे धरून चालू नये. मात्र जुन्या चाचण्यांच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. तिथे गंजाचा शेरा वर्षानुवर्षे येऊन एकदम थांबला असेल, तर विक्रेत्याकडे दुरुस्तीची छायाचित्रे मागावीत.

मला विचाराल, तर पहिली पसंती नव्या चासीच्या एलानला, बजेट कमी असेल तर सिलच्या कामाचे फोटो असलेल्या एमजीबीला. ९११ घ्यायची तर १९७६च्या मॉडेलपासूनचीच, आणि तीही अपघाताचा इतिहास तपासल्यावर.