धावण्याकडे परतणाऱ्यांसाठी ‘काउच टू फाइव्ह के’

बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा धावू लागताना मी जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ (सोफ्यावरून ५ किलोमीटरपर्यंत) हा ९ आठवड्यांचा सरावक्रम निवडला. अनेक मोफत अ‍ॅपवर तो मिळतो. आठवड्यातून ३ दिवस सराव करायचा, मधले दिवस विश्रांतीचे आणि शेवटी सलग ३० मिनिटे धावायचे, असे त्याचे स्वरूप आहे. मुळात तो नवख्यांसाठी असला, तरी जुना वेग अजून आठवत असलेल्या माणसाला त्याची अधिक गरज आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे भरभर चालून झाल्यावर ६० सेकंद धावणे आणि ९० सेकंद चालणे आलटून पालटून २० मिनिटे करायचे असते. ज्या नाशिक जिल्ह्यातील धावपटू कविता राऊत यांनी २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेथे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी इतर जण पुढे निघून जात असताना अ‍ॅपच्या सूचनेनुसार चालू लागणे मनाला जड जाते. तरीही ते चालणे टाळू नये. दम काही आठवड्यांतच सुधारू लागतो. मात्र नडगीचे हाड आणि पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा यांना धावण्याचा भार पेलण्याइतके बळकट व्हायला महिने लागतात, त्यामुळे श्वास साथ देत आहे म्हणून अंतर वाढवणाऱ्याचे पायच आधी दुखावतात. उत्साहाच्या दिवशीही हात धरून थांबवणारा हा क्रम मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

पाचव्या आठवड्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी ८ मिनिटांचे दोन टप्पे आणि मध्ये ५ मिनिटे चालणे असते, तर तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटे धावायचे असते. चाळिशीपुढच्यांनी येथे आठवडा पुन्हा करावा आणि बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. नडगीवर एकाच ठिकाणी दाबल्यावर दुखत असेल, तर धावणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण ते दुखणे अ‍ॅपला कळण्याचा कोणताही मार्ग नाही.