एक टक्का बोर्डो मिश्रण: हंगामभर वापरल्यानंतर

टोमॅटो, काकडी, द्राक्षवेल आणि लिंबू यांच्यावर पूर्ण हंगाम वापरल्यावर बोर्डोबद्दलचं, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना यांच्या फवारणीच्या मिश्रणाबद्दलचं, मत दोन भागांत सांगावं लागतं. केवडा, उशिरा येणारा करपा आणि लिंबावरचा खैऱ्या (जिवाणूजन्य कँकर) यांना त्यानं चांगलं रोखलं. भुरीवर जेमतेम, पर्णगुच्छ आणि मर यांच्यावर शून्य. पण या शून्याचं खापर मिश्रणावर फोडण्यात अर्थ नाही, कारण तिथे ते मारायचंच नसतं. 'बोर्डो मारलं, काही फरक नाही' ही तक्रार बहुतेक वेळा रोग ओळखण्यात चुकल्याची असते.

म्हणून आधी ओळख. उशिरा येणारा करपा तपासायचा असेल तर सकाळी दव असतानाच पान उलटं करून बघा. पाणी मुरल्यासारख्या तपकिरी डागाच्या कडेला बारीक पांढरी लव दिसते. ऊन चढलं की ती वाळते आणि मग डाग नुसता भाजल्यासारखा वाटतो. लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतो आणि त्याच्या डागात एकात एक वर्तुळं असतात. काकडीवरच्या केवड्याचे पिवळे डाग शिरांच्या चौकटीत अडकल्यामुळे कोनदार दिसतात, बुरशी पानाच्या खालच्या बाजूला करडी-जांभळी असते. भुरी मात्र पानाच्या वर पांढऱ्या पिठासारखी बसते, बोटानं पुसली जाते.

पानं वरच्या बाजूला वळून झाड खुरटलं असेल तर तो पर्णगुच्छ. हा विषाणूजन्य, पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा. झाड उपटा, माशीचा बंदोबस्त करा. तांब्याचा इथे उपयोग नाही. झाड अचानक माना टाकत असेल तर जमिनीलगतच्या खोडाचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात अर्धवट बुडेल असा धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. धागा आला नाही आणि खोडाच्या आत तपकिरी कडं दिसलं तर बुरशीजन्य मर असण्याची शक्यता जास्त. दोन्हींत रोग खोडाच्या आत असतो आणि पानावरची फवारणी तिथवर पोचत नाही.

बोर्डो पानाच्या पृष्ठभागावर राहतं. ओलाव्यात त्यातलं तांबं थोडं थोडं सुटतं आणि बीजाणू रुजण्याआधीच मरतात. आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही, म्हणून पडलेले डाग पुसले जाणार नाहीत. नवे पडत नाहीत ना, एवढंच बघायचं. फवारणीनंतर फुटलेलं पान उघडंच असतं. त्यामुळे ओल्या हवामानात दहा ते पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावं लागतं, आणि पानाची खालची बाजू भिजली नाही तर केवड्यासाठी केलेली मेहनत वाया जाते.

आता बनवणं. खरी परीक्षा इथेच आहे. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद कापडात बांधून पाच लिटर पाण्यात वरच्या थरात टांगून ठेवा. जड द्रावण आपोआप तळाला जातं आणि खडे लवकर विरघळतात. तळाशी टाकून दिलेले खडे तासन्‌तास तसेच राहतात. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी किंवा जस्ताचं नको, नाहीतर तांबं भांड्यावरच बसतं. चुना आधी थोड्या पाण्यात विरवा, थंड होऊ द्या, पाच लिटर करा आणि दुहेरी कापडातून गाळा. गाळण्याचा कंटाळा केला की दुसऱ्याच पंपाला नोझल तुंबतं.

दोन्ही द्रावणं गार असताना मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेनं ओता, ढवळत राहा. उलट, म्हणजे चुना मोरचुदात, ओतू नका. मिश्रण दाणेदार होतं, लवकर खाली बसतं आणि पानाला नीट चिकटत नाही. चांगल्या मिश्रणाचा रंग आकाशी. हिरवट झाक आली तर चुना कमी पडला किंवा शिळा आहे. हवेत उघडा राहिलेला चुना निम्मा मेलेला असतो, त्यामुळे वजन बरोबर भरूनही मिश्रण आम्ल राहतं. तपासायला घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. थर चढायचा थांबेपर्यंत चुन्याचं पाणी घाला. लिटमस असेल तर लाल कागद निळा व्हायला हवा. ही तपासणी टाळली की पानांच्या कडा करपतात आणि लोक तोच नवा रोग समजून पुन्हा फवारतात!

तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. शिळ्यात कण मोठे होतात, चिकटपणा जातो. फवारताना पंप अधूनमधून हलवा. दुसरं कुठलंही कीटकनाशक यात मिसळू नका. चुन्यामुळे बरीच औषधं निकामी होतात.

कोवळ्या रोपांना आणि वेलवर्गीय कोवळ्या पानांना अर्धा टक्का, म्हणजे लिटरला पाच-पाच ग्रॅम, पुरे. पीचसारख्या झाडांवर पानं असताना मारूच नये. ढगाळ, गार, पान लवकर सुकणार नाही अशा दिवशी फवारलं तर बिनचूक बनवलेलं मिश्रणही पान जाळू शकतं. भुरीला ८० टक्के विद्राव्य गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात कितीतरी सरस, फक्त कडक उन्हात नको. लिंबाच्या खैऱ्यात आणखी एक गोम आहे: नागअळीनं पोखरलेल्या पानांतून जिवाणू सहज आत जातो. अळी राहिली तर बोर्डो एकटं पुरत नाही.

कॉपर ऑक्सिक्लोराइड या तांब्याच्या तयार बुरशीनाशकाशी तुलना अटळ आहे. पाकीट फोडा, लिटरला अडीच-तीन ग्रॅम घाला, झालं. चार कुंड्यांसाठी मी तेच सुचवेन. सततच्या पावसात मात्र नीट बनवलेलं बोर्डो पानावर जास्त टिकतं. फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देनं १८८५ साली द्राक्षाच्या केवड्यासाठी याची शिफारस केली ती रस्त्याकडेच्या वेली पाहून. चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून त्यांना तांब्या-चुन्याचं मिश्रण फासलेलं होतं, आणि नेमक्या त्याच वेली हिरव्या राहिल्या होत्या.

खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी. तांबं जमिनीत कुजत नाही, साठत जातं आणि गांडुळांना बाधतं. एक टक्का मिश्रणाच्या लिटरमध्ये साधारण अडीच ग्रॅम तांबं असतं. हेक्टरी ५०० लिटर फवारलं तर सव्वा किलो. युरोपीय संघाची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार. तीन फवारण्यांतच ती जवळपास संपते. त्यामुळे दिनदर्शिका बघून नाही, पान किती वेळ ओलं राहतंय ते बघून फवारा. पालेभाज्यांवर नको. फळांवर निळसर डाग राहतात, काढणीनंतर नीट धुवा. मोरचूद डोळ्यांना घातक, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. उरलेलं मिश्रण तळ्यात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका, माशांना ते फार विषारी असतं. पंप आधी पाणी घातलेल्या व्हिनेगरनं आणि मग दोनदा साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर पुढच्या वेळी नोझल सुईनं कोरत बसावं लागेल.