चार फुटी बिडाचा बाक: सांगाडा दणकट, नटबोल्ट टाकाऊ

बागेसाठी सुटा मिळणारा हा बाक घरी जोडता येतो. खोक्यात बिडाच्या दोन बाजू, नऊ पट्ट्या, मागची आडवी सळई आणि पिशवीत अठरा नटबोल्ट. बीड जाड आहे, ओतकाम स्वच्छ आहे. तक्रार आहे ती त्या पिशवीची. बोल्ट साध्या लोखंडाचे, जस्ताचा पातळ मुलामा दिलेले. उघड्यावर तो फार टिकत नाही. गंज धरला की पाना लावल्यावर नट सुटायच्या ऐवजी अख्खा बोल्टच जागेवर फिरतो आणि ग्राइंडरने कापावा लागतो. शिवाय लोखंड आणि सागातलं टॅनिन ओलीत एकत्र आले की पट्टीवर काळे डाग उमटतात.

म्हणून जोडायला घेण्याआधीच एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक प्रत) चे ८ मिमीचे कॅरेज बोल्ट (गोल डोक्याखाली चौकोनी मान असलेले), वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आणा. २० मिमी पट्टीला ४५ मिमी लांबी पुरते. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ प्रतीचे. आट्यांना किंचित ग्रीस लावा, नाहीतर स्टीलवर स्टील चिकटून बसतं.

लाकूड नीट बघून घ्या. खोक्यावर नुसतं 'हार्डवूड' लिहिलं असेल तर ते रबरवूडही असू शकतं, आणि ते पावसात कुजतं. साग असला तरी कडेला पांढरट पट्टा दिसला की ती पट्टी बदलून मागा. सालीलगतचा तो भाग वाळवीला आधी बळी पडतो.

जोडताना पट्ट्यांची टोकं आणि भोकं आधी जवसाच्या उकळलेल्या तेलात (दुकानातलं बॉइल्ड लिनसीड ऑइल) भिजवा, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. मग पाठीची वरची पट्टी, बैठकीची पुढची पट्टी आणि सळई एवढंच लावा, नट दोन-तीन आटेच. बाक सपाट फरशीवर उभा करून मागून दोन्ही कर्ण मोजा; ते सारखे आले की बाकीच्या पट्ट्या, मध्ये ६ मिमी फट ठेवून. फट नसेल तर पावसात फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना ढकलतात. शेवटी १३ नंबरचा पाना. बोल्टची चौकोनी मान लाकडात बसली, पट्टी हलेनाशी झाली, की थांबा. बीड वाकत नाही, तडकतं. आणि बोल्ट बसतो तो बिडाचा कान तडकला, तर साध्या वेल्डिंगने धरत नाही. मातीत ठेवायचा तर चारही पायांखाली फरशीचे तुकडे घालून पाणसळ लावा. एक पाय अधांतरी राहिला तरी सांगाड्यावर पीळ येतो.

देखभाल वर्षातून दोनदा. मे महिन्यात १२० नंबरच्या पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात द्या, वीसेक मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या; नाही पुसलं तर चिकटा राहतो. व्हार्निश नको, त्याचे पापुद्रे निघतात. ऑक्टोबरात शेवाळ ब्रश आणि साबणाने काढा, प्रेशर वॉशरने नाही. लाकूड वाळून आकसतं, तेव्हा नट पाव आटा आवळा. बिडाचा रंग जिथे उडाला असेल तिथे रेड ऑक्साइडचा प्राइमर आणि वर इनॅमल रंग. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवा.