मुलांची बद्धकोष्ठता: पेग की लॅक्टुलोज?

गुदाशयात मळ साठला की मूत्राशय दाबला जातो; चड्डी ओली होणे, लघवी पूर्ण न होणे यांचं मूळ अनेकदा तिथंच असतं. म्हणून आधी पोट साफ करायचं.

त्यासाठी पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, मळ मऊ करणारी) पावडर सरस. घट्ट साठलेला मळ काढायला डॉक्टर रोज मुलाच्या वजनाच्या किलोमागे 1 ते 1.5 ग्रॅम, 3 ते 6 दिवस देतात; नंतर रोज किलोमागे 0.2 ते 0.8 ग्रॅम. सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा. सुरुवातीला पातळ मळाची गळती वाढू शकते, तिला जुलाब समजून औषध थांबवणं ही नेहमीची चूक.

लॅक्टुलोज हे मळ मऊ करणारं सिरप गोड, तान्ह्यांनाही चालतं. पण मोठ्या आतड्यात आंबतं, गॅस धरतो. पेग नसेल तर हेच.

दोन्ही किमान 2 महिने, मग हळूहळू कमी.