वर्षभर वापरल्यावर: एडीएचडीचं ॲप आणि माझे २,४९९ रुपये

गेल्या मंगळवारी सकाळी दूध तापवत होते आणि मेसेज आला, खात्यातून २,४९९ रुपये वजा. दूध उतू गेलं ते वेगळंच. मोठ्या माणसांच्या एडीएचडीसाठीचं (म्हणजे लक्ष टिकत नाही, गोष्टी विसरायला होतात, तो त्रास) एक ॲप मी मागच्या वर्षी घेतलं होतं, त्याची वर्गणी आपोआप पुढे सुरू झाली. नाव लिहीत नाही. रात्री दीड वाजता रील बघून ज्यांनी घेतलंय त्यांना कळेलच.

पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि ती आलीही होती. वीजबिल आणि कुरिअरच्या मेसेजांसोबत मी तीही सरकवून टाकली. चूक माझी, मान्य. पण विसरणं हेच ज्यांचं दुखणं, त्यांना ॲप विकायचं, दिवसातून नऊ वेळा 'पाणी प्या' म्हणून टिंगटिंग करायचं आणि 'उद्या पैसे जातील' एवढी एकच आठवण ॲपमध्ये ठेवायची नाही? मला तरी हा विसराळूपणा वाटत नाही.

रद्द करायला गेले तर बटण 'माझा प्रवास' नावाच्या पानाखाली. कसला प्रवास! तिथे 'का जाताय' ते किमान ५० अक्षरांत लिहा म्हणे. ४१ वर होते तेवढ्यात गॅसवाला आला. परत येऊन बघते तर पान कोरं. शेवटी यूपीआयच्या ऑटोपे यादीत जाऊन मँडेटच, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगीच, उडवली, मिनिटभरात. ज्यांनी अशी वर्गणी घेतलीय त्यांनी आधी तेवढं बघून या, मग पुढचं वाचा.

आता ॲपबद्दल. त्यातली 'प्रगत चाचणी' म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची १८ प्रश्नांची एएसआरएस प्रश्नावली, रंगीत वेष्टनात. ती फुकट मिळते आणि तिच्यावरून निदान होत नाही, फक्त डॉक्टरकडे जायला हवं का याचा अंदाज येतो. खरं निदान नाशिकला समोर बसून झालं. लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. आईने माळ्यावरून चौथीचं प्रगतिपुस्तक काढलं. शेरा: 'हुशार आहे, पण चित्त थाऱ्यावर नसते.' आम्ही दोघी हसलो, मग आई रडली.

ॲपवरच्या डॉक्टरांना मी एक तारा दिला होता, तो परत घेते. व्हिडिओवर त्यांनी मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध लिहून दिलं नाही म्हणून मी भांडले होते. नंतर कळलं, ते औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत येतं आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ऑनलाइन लिहूनच देता येत नाही. समोर तपासून मिळालेली चिठ्ठीसुद्धा दोन प्रतींत लागते, एक औषधवाला ठेवून घेतो. डॉक्टर बरोबर होते. 'घरबसल्या निदान ते औषध' अशी जाहिरात करणारे नव्हते.

माहितीसाठी पैसे देऊ नका. मराठीत शोधलं तर अजूनही ब्राह्मी आणि 'चंचल मुलांसाठी घरगुती उपाय' वर येतात, मोठ्या बायकांचं तर नावच नाही. रील्सचं काय सांगावं! २०२२ च्या एका कॅनेडियन अभ्यासात टिकटॉकवरच्या सगळ्यात लोकप्रिय १०० एडीएचडी व्हिडिओंपैकी ५२ दिशाभूल करणारे निघाले. चावी हरवली की एडीएचडी, असं असतं तर आमची अख्खी सोसायटी रुग्ण! इंग्रजी चालत असेल तर एडीएचडीवरचं तज्ज्ञांचं २०२१ चं आंतरराष्ट्रीय एकमत-निवेदन वाचा, २०८ मुद्दे आहेत, तेही फुकट. मी एका बैठकीत अकरा वाचले. मराठीत माणसाशी बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, त्यालाही पैसे पडत नाहीत.

मग वर्षभर ॲप ठेवलं कशाला? 'सोबत' साठी. रात्री नऊला सात-आठ अनोळखी माणसं कॅमेरा लावून बसतात, आवाज बंद, प्रत्येकजण आपापलं काम करतो. ऐकायला खुळचट वाटतं. पण दोन वर्षं पिशवीत पडलेल्या बिलांचा गठ्ठा मी अशा चार रात्रींत लावला, कारण समोरच्या चौकोनात कोणीतरी मुकाट्याने इस्त्री करत होतं. यासाठी दोन तारे वाढवले होते.

त्यातला एक आता कमी करते. मे महिन्यापासून तेच मी मावसबहिणीसोबत व्हिडिओ कॉलवर करते. ती भाजी निवडते, मी हिशेब लिहिते, आणि मध्ये बोललं तर ती डोळे वटारते. ती सोय ॲपमध्ये नाही.

तीन तारे. परताव्याची तक्रार केली आहे, काय होतं ते इथेच लिहीन.

ताजा कलम: मेल आला. '४८ तासांत आपले उत्तर न आल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे.' त्यांचा आधीचा मेल मी बघितला होता. संध्याकाळी उत्तर देऊ म्हणून ठेवला होता.