युतीच्या भांडणांची पाकिटं: आमच्या वाचनालयाचा कात्रण विभाग

अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवत होते तेव्हा सरकारमधल्या मित्रपक्षांची भांडणं पाहून दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "मॅडम, एवढं पटत नाही तर हे सरकारमधून बाहेर का पडत नाहीत?" मी म्हणायचे, "अरे, नाटक असतं ते." तास संपायला आलेला असायचा आणि पोरांनाही ते उत्तर आवडायचं. निवृत्तीनंतर मात्र ते मला टोचायला लागलं. म्हणून या पावसाळ्यात मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कात्रण विभागात अकरा दिवस बसले. आमचा जिल्हा रत्नागिरी. त्या विभागाबद्दल हे लिहिते आहे, कारण तो आहे हेच गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही.

विभाग म्हणजे जिन्यावरची एक लांबट खोली. लोखंडी कपाटं आणि त्यांत तपकिरी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर विषय आणि साल शाईने लिहिलेलं. सभासदाला काही पैसे पडत नाहीत, बाहेरच्याला दिवसाचे 10 रुपये. वेळ सकाळी साडेनऊ ते एक आणि दुपारी चार ते सात. झेरॉक्स खाली मिळते, पण 2000 सालाआधीची कात्रणं खाली नेऊ देत नाहीत, हातानेच उतरवून घ्यावी लागतात. मला ते चाललं. उतरवताना मजकूर नीट वाचला जातो.

मी पहिल्या दिवशी "युती", म्हणजे शिवसेना-भाजपची, अशी चिठ्ठी दिली आणि सहा पाकिटं टेबलावर आली. 1989 ते 1995 चं पाकीट सगळ्यांत पातळ, 2014 ते 2019 चं सगळ्यांत जाड, दोरी पुरत नव्हती इतकं. ती जाडी पाहूनच मी कागद घेतला आणि आकडे मांडले. विधानसभेत 1990 साली शिवसेना 52, भाजप 42. 1995 ला 73 आणि 65. 2009 ला पहिल्यांदा उलटं झालं, सेना 44 आणि भाजप 46, आणि विरोधी पक्षनेतेपद भाजपकडे गेलं. 2014 ला दोघं वेगळे लढले तेव्हा 63 आणि 122. सेना मोठा भाऊ होती तेव्हाही कुरबुर होतीच. भाजपकडून "शत-प्रतिशत भाजप", म्हणजे मित्राशिवाय स्वबळावर, अशी घोषणा यायची, बाळासाहेब भाजपला "कमळाबाई" म्हणायचे. पण ते घरातल्या थोरल्याचं खडसावणं होतं. थोरला धाकटा झाला आणि आवाज पार बदलला.

2014 च्या पाकिटात मला माझ्या पोरांच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, आणि ते मी वीस-पंचवीस वर्षं चुकीचं देत होते. 19 ऑक्टोबर 2014, निकालाचा दिवस. बहुमताला 145 लागतात, भाजपकडे 122. सेनेशिवाय सरकार होणार नाही असं वाटत असताना त्याच दिवशी राष्ट्रवादी काँग्रेसने, म्हणजे 41 आमदारांनी, बाहेरून पाठिंबा जाहीर केला. बेरीज करा, 163. सेनेच्या हातातली दोरी तिथेच सुटली. 31 ऑक्टोबरला वानखेडेवर शपथविधी झाला. 12 नोव्हेंबरला आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला तेव्हा सेना विरोधी बाकांवर होती, एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते होते. आणि 5 डिसेंबरला सेनेचे दहा मंत्री त्याच सरकारात गेले. ही कात्रणं मी तारखेने ओळीत मांडली. दीड महिन्याच्या त्या ओळीत मला अडकलेला पक्ष दिसला. बाहेर राहिलं तर सरकार पडत नाही, उलट आपलेच आमदार अस्वस्थ होतात. आत गेलं तर मिळेल ते खातं घ्यावं लागतं. ज्याला सरकार पाडता येत नाही त्याच्या हातात बोलणं एवढंच उरतं. पुढची पाच वर्षं सेना बोलत राहिली. "राजीनामे खिशात आहेत" हे तेव्हा किती वेळा छापून आलं ते मी मोजायला घेतलं होतं, नंतर सोडून दिलं.

उलटा पुरावा 2019 चा. भाजप 105, सेना 56, आणि या वेळी सेनेला दुसरीकडे, राष्ट्रवादी आणि काँग्रेसकडे, जायला दार होतं. 24 ऑक्टोबरला निकाल लागला, 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. पाच वर्षं जे "नाटक" होतं ते बेरीज जुळताच महिन्याभरात खरं झालं. हे वर्गात सांगायला हवं होतं.

आता विभागाच्या मांडणीतला दोष. सगळी वर्गवारी मथळ्यावरून केली आहे. त्यामुळे "युती" या पाकिटात मुंबईतली भाषणं, अग्रलेख आणि नेत्यांचे फोटो मिळतात, पण भांडण जिथे रुजतं ते तिथे नसतं. कपाटं सांभाळणाऱ्या ताईंनी मला तिसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, नाणार पाहिलंत का? ते उद्योगमध्ये लावलंय." तो दिवस माझा सगळ्यांत कामाचा ठरला.

नाणार आमच्याच राजापूर तालुक्यातलं. तिकडची मुलं माझ्या वर्गात होती. एप्रिल 2018 मध्ये सौदी अरामको या तेल कंपनीबरोबर करार झाला, 3 लाख कोटींचा तेलशुद्धीकरण प्रकल्प. 23 एप्रिलला उद्धव ठाकरे यांची नाणारला सभा झाली आणि सेनेचेच उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याचं तिथेच जाहीर केलं. मुख्यमंत्री फडणवीस यांनी त्याच दिवशी सांगितलं, हे मंत्र्यांचं वैयक्तिक मत आहे, सरकारचा निर्णय नाही. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की धाकट्या भागीदाराची जागा दिसते. खातं तुमचं, अधिसूचना तुमच्याच खात्याची, गावातल्या लोकांचा राग तुमच्या दारात, आणि सही मात्र वरच्याची. गप्प बसलात तर प्रकल्प तुमचाच समजला जातो. कोकणातला मतदार सेनेचा, त्याला तोंड दाखवायचं तर मुंबईच्या बंद खोलीत कुजबुजून भागत नाही, त्याच्याच गावात माईकवर बोलावं लागतं. हे मला पटतं. ज्यांची जमीन जाणार होती त्यांच्या मुलांना शिकवलं आहे, म्हणून जास्तच पटत असेल.

"नगरपालिका" नावाची पाकिटंही मागून घ्या. विधानसभेत युती असते, पण वॉर्डात सेनेच्या गटप्रमुखाचा प्रतिस्पर्धी बहुतेकदा भाजपचाच असतो, कारण दोघांचा मतदार एक. 2017 ला मुंबई महापालिकेच्या 227 जागांत सेना 84, भाजप 82. एवढ्या जवळचा आकडा शत्रूंमध्येही क्वचित येतो. 26 जानेवारीला युती तोडल्याची घोषणा, फेब्रुवारीत निवडणूक, आणि मार्चमध्ये भाजपने महापौरपदासाठी उमेदवारच दिला नाही. मंत्रालयात मात्र दोघं एकत्रच. खालच्या कार्यकर्त्याला पाच वर्षं "मित्रपक्षाशी जमवून घे" असं सांगितलं तर तो मित्रपक्षातच जातो. त्याला धरून ठेवायला वरून भांडण ऐकू यावं लागतं. माझ्या मते या पाकिटांतून मिळणारं सगळ्यांत मोलाचं ते हेच आहे, आणि मोठ्या पानांवर ते जवळपास कुठेच येत नाही.

पालघरची दोन कात्रणं मी झेरॉक्स करून घरी आणली. मे 2018 ची पोटनिवडणूक. भाजपच्या दिवंगत खासदारांचा मुलगा, श्रीनिवास वनगा, सेनेचा उमेदवार. समोर काँग्रेसमधून भाजपमध्ये आलेले राजेंद्र गावित. प्रचार इतका कडवट की पुन्हा तोंड पाहणार नाहीत असं वाटावं. गावित जिंकले. 2019 ला जागावाटपात पालघर सेनेला सुटलं आणि तेच गावित सेनेत येऊन सेनेचे खासदार झाले. 24 डिसेंबर 2018 ला पंढरपूरच्या सभेत उद्धव ठाकरे यांचं "पहारेकरी चोर है" झालं होतं आणि 18 फेब्रुवारी 2019 ला लोकसभेसाठी भाजप 25, सेना 23 असं जमलं, नाणार हलवायचंही त्याच पत्रकार परिषदेत ठरलं. दोन महिन्यांपूर्वीचा तो आवाज आणि या 23 जागा यांचा संबंध नाही असं मी आता म्हणणार नाही. मागच्या पोटनिवडणुकीत हरलेली जागाही त्या 23 मध्ये आली.

राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेचं पाकीट लहान आहे, तरी चुकवू नका. ऑगस्ट 2017 मध्ये संघटना भाजपच्या आघाडीतून, एनडीएतून, बाहेर पडली आणि तिचेच सदाभाऊ खोत मंत्रिमंडळात राहिले. लहान पक्ष नुसतं बोलत का राहतो, निघून का जात नाही, त्याचं एक कारण हे आहे. निघताना आपल्यातले किती जण मागे राहतील याची खात्री नसते.

तक्रारी आणखी दोन. 2004 च्या पाकिटाला ओल लागली आहे, कात्रणं एकमेकांना चिकटलीत आणि सोडवताना एक माझ्या हातून फाटलं, मी तसं नोंदवहीत लिहिलं आहे. आणि बऱ्याच कात्रणांवर तारखेचा शिक्का नाही. या विषयात तारीख नसलेलं कात्रण निरुपयोगी, कारण कोण काय बोललं यापेक्षा ते निवडणुकीआधी किती दिवस बोललं हे महत्त्वाचं. वाचनालयाने एखाद्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात मानधन देऊन हे काम करून घ्यावं. मी स्वतः आठवड्यातून दोन दिवस द्यायला तयार आहे, तसं पत्र दिलं आहे.

जाताना पेन्सिल न्या, पेन चालत नाही. गुरुवारी बंद असतं. पंख्याखालचं टेबल घेऊ नका, कागद उडतात, खिडकीजवळचं घ्या. आणि ताईंना विचारा. त्यांनी जानेवारी 2025 पासून "पालकमंत्री: रायगड, नाशिक" असं नवं पाकीट उघडलं आहे, तेही सत्तेतल्या मित्रपक्षांच्या भांडणाचंच. पहिलं कात्रण 18 जानेवारीच्या नेमणुकांचं, दुसरं 19 तारखेच्या स्थगितीचं. दोन्हींवर शिक्का आहे.