रागमालेचे प्रिंट्स घेतले आणि फ्रेमवाल्याने कविताच झाकून टाकली

मागच्या महिन्यात रागमाला चित्रांच्या 12 प्रिंट्सचा सेट ऑनलाइन मागवला, 1,850 ला पडला, जळगावला चौथ्या दिवशी घरपोच. नळीत गुंडाळून येतो त्यामुळे कोपरे शाबूत होते, पण कागद सरळ व्हायला दोन दिवस गादीखाली ठेवावा लागला. छपाई एकदम भारी, लाल रंग तर बघतच राहावा. सोनेरी काम मात्र हळदीच्या डागासारखं आलंय, चालायचंच, छापील प्रिंटमध्ये सोनं कुठून येणार.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगते, रागमाला म्हणजे रागांची चित्रं. 6 राग आणि प्रत्येकाच्या 5 रागिण्या (रागाच्या बायकाच म्हणा) असा 36 चित्रांचा संच, राजस्थानात हा हिशोब जास्त चालायचा. मेवाडात चावंडला 1605 मध्ये नसिरुद्दीनने रंगवलेली रागमाला तर फार नावाजलेली. हिंदोल म्हटलं की झोपाळा, मेघ म्हटलं की काळे ढग आणि नाचणारा कृष्ण, तोडी म्हणजे वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं, आसावरीच्या जवळ नाग. आता सेटसोबतच्या पुस्तिकेत याच शेवटच्या दोघींची नावं उलटी छापलीत, हरणांखाली आसावरी! अहो छापणाऱ्याने एकदा चित्राकडे बघायचं तरी. एक स्टार तिथेच गेला.

खरं रामायण फ्रेमचं. गावातल्याच एकाकडे चार चित्रं दिली, 350 ला एक. आणायला गेले तर तोडीच्या वरची पिवळी पट्टी गायब. म्हटलं दादा, वरचं लिहिलेलं कुठे गेलं? तर म्हणे, "ताई ते माउंटखाली घेऊन टाकलं, आता चित्र कसं मोकळं दिसी राहिलं बघा." माउंट म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. माझ्या पोटात गोळा आला, पण नशीब कापलं नव्हतं.

त्या पट्टीत पद्य असतं हो. मला त्यातली ब्रज भाषा अर्धीच लागते, पण तेवढ्यातही कळतं की ही बाई विरहात आहे आणि वीणा ऐकून हरणं जमलीत. पट्टी झाकली तर उरतं काय, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरची एक देखणी बाई. आपल्याकडे बहिणाबाई जात्यावर गायच्या आणि सोपानदेव ते लिहून घ्यायचे, गाणं कुठे संपलं आणि कविता कुठे सुरू झाली हे खान्देशात कोणी विचारत नाही, मग चित्राच्या डोक्यावरची कविता फालतू मजकूर कशी वाटली देव जाणे. त्याला हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं, मोबाईलवर तोडीचा आलापही लावला, दुकानातली दोन गिऱ्हाईकं पण थांबली. ऐकून घेतलं बिचाऱ्याने, दुसऱ्या दिवशी नवीन माउंट, फक्त 60 रुपये जास्त.

सेटच्या जाहिरातीत मात्र लिहिलंय "राग डोळ्यांनी ऐका", ते काही मनावर घेऊ नका. आपण आज गातो ती तोडी कोमल रे-ग-ध आणि तीव्र मध्यमाची, दक्षिणेतल्या कर्नाटकी संगीतातल्या तोडीचे स्वर मात्र वेगळे, आपल्या भैरवीच्या थाटाचे (म्हणजे स्वरांच्या साच्याचे), मग त्या चित्रकाराच्या मनात नेमकी कोणती तोडी होती? रंग आणि सूर जुळवत बसलं की डोकं फिरतं. पण सकाळी रियाजाला बसते तेव्हा समोर ती हरणं असतात, गंधारावर रेंगाळताना घाई करावीशीच वाटत नाही, एवढा फरक मला पडलाय, एवढ्यासाठी पैसे वसूल.

घेणार असाल तर फ्रेमवाल्याला पट्टीवर बोट ठेवून सांगा, "हे दिसलं पाहिजे". काच साधी नको, चमक न मारणारी घ्या, आमच्या पूर्वेच्या खोलीत सकाळी तोडीऐवजी माझंच तोंड दिसतं. उरलेली आठ चित्रं अजून नळीतच, त्यात दीपक पण आहे, गायला की आग लागते म्हणतात तो राग, आणि मे संपेपर्यंत तो बाहेर काढायचा नाही असं घरच्यांनी बजावलंय.